गिअरबॉक्स खोलायचा की दुसरा बसवायचा?

वाचकांचे प्रश्न, मेस्त्रींची उत्तरं

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्याकडे २००९ सालची अल्टो आहे. १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. वाळपईला माझं औषधांचं दुकान आहे आणि महिन्यातून दोनदा तरी चोर्ला घाटाने बेळगावला आईकडे जाणं होतं. गेल्या पावसापासून तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकताना 'खर्र' आवाज येतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की पाचवा गिअर आपोआप सुटतो. चाळीसच्या पुढे एक बारीक घुंऽऽ असा आवाजही असतो. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, स्क्रॅपमधला गिअरबॉक्स आणून बसवतो, १२ हजार. दुसरा म्हणाला, हाच खोलून बनवतो, १८ हजार, पण गॅरंटी देणार नाही. तिसऱ्याने तर गाडीच विकून टाका म्हटलं. मी काय करू?

ता. क. पोर्चमध्ये डाव्या चाकाजवळ तेलाचा डाग पडतो. मी त्यावर पुठ्ठा घालून ठेवला आहे. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ता. क. मध्ये लिहिलीत. मी तुमची गाडी पाहिलेली नाही, पण तिच्या दुखण्याची सुरुवात त्या पुठ्ठ्यावर सापडेल असं मला वाटतं. उद्या सकाळी पुठ्ठा उचला आणि तेलाचा वास घ्या. गिअर ऑइलचा वास उग्र असतो, गंधकासारखा, नाकात राहणारा. इंजिन ऑइलला तो वास नसतो. तेलाला तो वास असेल आणि डाग चाकाच्या आतल्या बाजूला पडत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, ऑइल सील गेलंय. तिथून थेंब थेंब करत गिअरबॉक्स कोरडा होत आलाय. इंजिनच्या तेलाचा दाब पडला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. गिअरबॉक्सला तसा दिवा नाही. त्याचं दुखणं आवाज झाल्यावरच कळतं.

फोंड्याजवळ माझं गॅरेज आहे. तीस वर्षांत किती गिअरबॉक्स खोलले त्याची गणती नाही, पण नुसत्या वयाने संपलेला गिअरबॉक्स मला क्वचितच दिसला. बहुतेकांचं तेल गेलेलं असतं, नाहीतर तेल चुकीचं घातलेलं असतं. तुमच्या पाचव्या गिअरचं कारणही इथेच असेल. मारुतीच्या या छोट्या गाड्यांत पाचवा गिअर मुख्य हाऊसिंगच्या (गिअरबॉक्सच्या कवचाच्या) बाहेर, बाजूच्या झाकणाखाली एकटा बसलेला असतो. तेलाची पातळी खाली गेली की त्याच्याकडे तेल पोचणं आधी बंद होतं. म्हणून पाचवा गिअर तक्रार करू लागला की मी आधी तेल बघतो आणि मग पान्याला हात लावतो.

तर पहिली पायरी अशी. कुठल्याही गॅरेजवाल्याला होकार देण्याआधी गिअरबॉक्सचं तेल स्वतःच्या डोळ्यांसमोर काढून घ्या. एक गोष्ट मेस्त्रीला नक्की सांगा. तेल भरायचं बूच आधी सोडायचं, खालचं काढायचं बूच नंतर. वरचं बूच वर्षानुवर्षं न उघडल्याने गंजून बसलेलं असतं. आधी खालून तेल सांडून टाकलं आणि मग वरचं उघडलंच नाही, तर गाडी तिथेच अडकते. मी हे डिचोलीच्या एका गिऱ्हाईकाच्या दारात अनुभवलंय, संध्याकाळी सहा वाजता, भर पावसात. त्यांची मुलगी दवाखान्यात होती आणि गाडी मी अडकवून ठेवली होती. त्या दिवसापासून हा क्रम मी एकदाही चुकवलेला नाही.

निघालेलं तेल पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत घ्या आणि उन्हात धरा. दोन बोटांत घेऊन चोळा. बारीक करडी पेस्ट लागली तर घाबरू नका. इतक्या वर्षांत पोलादाची तेवढी झीज होतेच, आणि बुचाला चुंबक असेल तर त्याच्यावरही ती जमलेली दिसते. सोनेरी चकाकी दिसली, पाण्यावर पितळेची पावडर भुरभुरावी तशी, तर सिंक्रो रिंगा झिजल्यात. त्या पितळी असतात, त्यांचं काम पुढे सांगतो. बोटाला टोचेल असा कण निघाला, किंवा नखाएवढा पोलादी तुकडा, तर गिअरचा दात किंवा बेरिंग फुटलंय. त्या गाडीने मग घाटात जायचं नाही, बेळगावला तर नाहीच.

आता तुमची 'खर्र' समजून घेऊ, म्हणजे मेस्त्री काय बोलतोय ते तुम्हाला कळेल. गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या गोष्टी एकमेकांत अडकवायच्या असतात. त्याआधी त्यांची गती सारखी करावी लागते, आणि ते काम ही पितळी रिंग करते. रिंगेच्या आतल्या बाजूला अतिशय बारीक रेघा असतात, शिवणाच्या टाक्यांहून बारीक. नखाने खरवडलं तर जाणवतात. गिअरच्या पोलादी कोनावर (शंकूसारख्या भागावर) रिंग दाबली जाते तेव्हा त्या रेघा तेलाचा थर कापतात आणि रिंग कोनाला पकडते, ब्रेकसारखी. रेघा गुळगुळीत झाल्या की ती तेलावरून घसरते. गती जुळत नाही, दातावर दात आदळतो आणि खर्र होतं. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना आतल्या गिअरला वेग वाढवून द्यावा लागतो. ते काम वर चढवण्यापेक्षा अवघड. चोर्लाच्या वळणावळणांवर तुम्ही दिवसभर तेच करता. त्यामुळे तुमच्या गाडीत दुसऱ्याची रिंग आधी गेली यात मला नवल वाटत नाही.

रिंग गेली की नाही हे खोलल्यावर अंदाजाने सांगायची गरज नसते. रिंग कोनावर हाताने दाबून फिरवायची. चांगली असेल तर पकडते, हात फिरवताना जोर लागतो. गेलेली असेल तर बांगडीसारखी फिरते. मग रिंग आणि गिअरचे दात यांच्यामधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालायचा. बहुतेक छोट्या गाड्यांत नवी रिंग असताना ही फट एक मिलिमीटरच्या आसपास असते. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आली की रिंग बदलायची. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे. हा गेज मेस्त्रीच्या पेटीत आहे का, एवढं जरूर विचारा. नसेल तर तो मेस्त्री ब्रेक आणि क्लचला चांगला असेल, गिअरबॉक्स त्याच्याकडे देऊ नका.

पाचवा गिअर सुटण्याबद्दल. खोलण्याआधी दोन स्वस्त गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे गिअरबॉक्सचं माउंटिंग. त्याचा रबर फाटला असेल तर ॲक्सिलरेटर सोडताच इंजिन पुढेमागे झुकतं आणि गिअर ओढून बाहेर काढतं. दुसरी म्हणजे गिअरच्या दांड्याच्या जोडातले बुश. ते झिजले की दांडा पूर्ण पुढे जातच नाही, गिअर अर्धाच लागतो. या दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या तरच आतल्या लॉकच्या गोळ्या, स्प्रिंग, फोर्क (गिअर लावणारा काटा) आणि तो सरकवतो त्या स्लीव्हचे (कड्याचे) दात यांचा विचार करायचा. आणि ताई, एक सवय असेल तर सोडा. घाटात डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवून गाडी चालवू नका. त्या हाताचं वजन आत फोर्कवर पडतं, आणि फोर्क फिरणाऱ्या स्लीव्हवर सतत घासत राहतो. चांगल्या गाड्यांचे फोर्क मी असे एका बाजूने खाल्लेले पाहिलेत.

घुंऽऽ आवाजासाठी गाडी उभी करून न्यूट्रलवर ठेवा, इंजिन चालू. क्लच न दाबता आवाज येतो आणि दाबला की बंद होतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनची ताकद आत आणणाऱ्या दांड्याचं, बेरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर रिलीज बेरिंग, आणि ते क्लचचं काम आहे. उभी असताना दोन्हीकडे शांत आणि चालताना घुमते, तर डिफरेन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) किंवा चाकाचं बेरिंग. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा. गिअरबॉक्स खोलून झाल्यावर चाकाचं बेरिंग वाजत होतं असं कळणं फार महागात पडतं.

आता तुमचा खरा प्रश्न, १२ हजार की १८ हजार.

माझं मत स्पष्ट आहे. ताटलीत तुकडे निघाले नाहीत तर हाच गिअरबॉक्स खोला. स्क्रॅपचा गिअरबॉक्स म्हणजे न उघडलेला गिअरबॉक्स. तो कुठल्या गाडीतून निघाला, त्याचं तेल कोणी बदललं, ती गाडी पाण्यात उभी होती की काय, हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही कळणार नाही. तुमच्या गिअरबॉक्सचं दुखणं निदान माहीत तरी आहे. शिवाय जुना आणला तरी शहाणा मेस्त्री त्याची सीलं आणि बेरिंगं बदलल्याशिवाय तो वर चढवत नाही. तेवढं सगळं धरलं की १२ हजारांचे १८ होतात, आणि पितळी रिंगा कशा आहेत ते तरीही माहीत नसतं.

मात्र खोलल्यावर दोन गोष्टी दिसल्या तर मी माझा हट्ट सोडतो. हाऊसिंगमध्ये बेरिंगची बैठक झिजलेली असेल, म्हणजे बेरिंगचं बाहेरचं कडं ॲल्युमिनियमच्या घरात फिरलेलं असेल, तर नवं बेरिंगही तिथे ढिलंच बसणार. दुसरं म्हणजे, दोनतीन गिअरचे दात टवके उडालेले असले तर. गिअर बदलायचा तर जोडीने बदलावा लागतो. घासून एकमेकांना सरावलेल्या दातांपुढे एकटा नवा गिअर दिला तर तो रडत राहतो. दोन जोड्यांची किंमत जुन्या गिअरबॉक्सच्या वर जाते. तेव्हा बेळगाव, कोल्हापूर किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातून आणलेला जुना गिअरबॉक्स घ्यावा. तो घेताना इनपुट शाफ्ट हातात धरून वरखाली हलवून बघा, प्रत्येक गिअर लावून हाताने फिरवा, आणि आतून निघालेलं थोडं तेल ताटलीत घ्या, वर सांगितलं तसं. शाफ्टवरचे स्प्लाइन (लांबीत कोरलेले दात) मोजून आपल्या क्लच प्लेटशी जुळवा, आणि स्पीडोमीटरचा गिअर आपल्या गाडीचाच घाला. आरसी बुकात इंजिन आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे आरटीओत नोंद करायचा प्रश्न येत नाही. बिल मात्र घ्या.

१८ हजारवाल्याने गॅरंटी का नाही म्हटलं ते त्याला शांतपणे विचारा. 'आत काय निघेल ते आत्ता सांगता येत नाही' असं म्हणाला तर तो खरं बोलतोय. मग त्याला सांगा, खोलून दाखव, त्यानंतर आकडा ठरवू. सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. काढलेलं जुनं सामान एका टोपलीत ठेवून तुम्हाला दाखवावं ही अट घाला.

टोपलीबद्दल थोडं सांगतो. मी नवीन होतो तेव्हा एका शिक्षकांच्या गाडीत मी फक्त दुसऱ्याची रिंग बदलली. त्यांच्याकडे पैसे कमी होते आणि मला वाटलं मी त्यांचे वाचवतोय. शाफ्टचं बेरिंग किंचित हलत होतं, ते मी बोटाने पाहिलं आणि सोडून दिलं. गणेश चवथीच्या आठ दिवस आधी गाडी परत आली, दुसरा गिअर पुन्हा तसाच. हलणाऱ्या शाफ्टवर नवी रिंग वाकडी बसत होती आणि एका बाजूने खाल्ली गेली होती. घरात गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची गडबड, गावाला जायचं होतं, आणि सरांना मी बसने पाठवलं. मजुरी परत केली, बेरिंग माझ्या पैशाने घातलं. सर एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला आजही लागतं. तेव्हापासून माझा नियम असा की गिअरबॉक्स एकदा खाली आला की सगळी बेरिंगं, सगळी सीलं आणि झिजलेल्या सगळ्या रिंगा एकदमच बदलायच्या. मोठा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याचढवण्याच्या मजुरीचा आहे. त्याच उतरवणीत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग आणि इंजिनच्या मागचं क्रँकचं ऑइल सीलही बघून घ्या.

काम चाललं असताना जमलं तर अर्धा तास तिथे उभ्या राहा. शाफ्टवर बेरिंग चढवताना मेस्त्री बाहेरच्या कड्यावर हातोडा मारत असेल तर थांबवा. दाब आतल्या कड्यावरच पडायला हवा, नाहीतर आतल्या गोळ्यांची खूण पट्टीवर उमटते आणि नवं बेरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणतं. नव्या पितळी रिंगा बसवण्याआधी गिअर ऑइलमध्ये बुडवलेल्या असाव्यात. जो शिम (फट भरायची पातळ चकती) जिथून निघाला तिथेच परत जायला हवा. आणि नवं सील घालण्याआधी ड्राइव्ह शाफ्टवर सील जिथे टेकतं ती जागा नखाने तपासा. आपल्याकडे खाऱ्या हवेने तिथे गंजाची कडी धरते. ती न पुसता सील घातलं की चार महिन्यांत पुठ्ठा परत घालावा लागतो.

तेलाचं शेवटी सांगतो, पण ते सगळ्यात आधी लक्षात ठेवा. गिअर ऑइलच्या डब्यावर तेलाचा प्रकार लिहिलेला असतो, जीएल-४ किंवा जीएल-५. ५ हा आकडा मोठा म्हणून तेल चांगलं, असं समजून बरेच जण जीएल-५ घालतात. ते तेल मुख्यतः मागच्या एक्सलच्या डिफरेन्शियलसाठी आहे. त्यात गंधक आणि फॉस्फरसवर आधारलेली रसायनं जास्त असतात, आणि त्यातली काही पितळेला खातात. शिवाय ते तेल इतकं निसरडं की रिंग कोनाला पकडतच नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच ग्रेड आणा, सीलबंद डब्यातला. ड्रममधलं सुटं नको. गाडी सपाट जागी उभी करून भरायच्या भोकाच्या काठापर्यंत तेल भरायचं, भोकातून ओघळायला लागलं की बस्स. काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर हळू चालवा आणि ते तेल एकदा बदला. नव्या रिंगांची पहिली पावडर त्यात असते.

गाडी विकायचं म्हणाल तर तिच्या इंजिनबद्दल तुमची एकही तक्रार नाही. मी विकणार नाही.

प्रश्न : माझी टॅक्सी आहे, मोपा विमानतळावर चालवतो. गाडी चार वर्षांची. बाकी सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, फक्त रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं. मेस्त्री गिअरबॉक्स खोलू म्हणतो.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : भाऊ, आत्ता खोलू नका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग नसते, त्यामुळे आतला शाफ्ट पूर्ण थांबल्यावरच तो गिअर बसतो. क्लच पूर्ण दाबा, मनात चार अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. आवाज गेला, तर तुम्ही घाई करताय एवढंच. चार मोजूनही कर्रर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल असेल तर तिचा ताण बघा. हायड्रॉलिक असेल तर सिलिंडरची गळती आणि आतली हवा बघा. विमानतळाच्या रांगेत तुम्ही दर दोन मिनिटांनी गाडी चार फूट पुढे घेता, क्लच अर्धवट दाबून. केबल त्यानेच ताणली जाते. रांगेत गाडी न्यूट्रलवर ठेवा आणि पाय क्लचवरून पूर्ण काढून घ्या.

प्रश्न : जुलैत वाळवंटी नदीचं पाणी बाजारात आलं तेव्हा माझी गाडी रात्रभर सीटच्या खालपर्यंत पाण्यात होती. इंजिनचं तेल बदललं, गाडी चालते. आता गिअर जड पडतात. गिअरबॉक्समध्ये पाणी जातं का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : जातं. गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक छोटी श्वासनळी असते, आत गरम झालेली हवा बाहेर पडावी म्हणून. गरम गिअरबॉक्स पाण्यात अचानक थंड झाला की तीच नळी पाणी आत ओढते. तेल काढून बघा. दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी आहे. ते पूर्ण काढून टाका, नवं तेल भरा, पाचदहा किलोमीटर हळू चालवा, पुन्हा काढा. तेल स्वच्छ निघेपर्यंत हे करा. हे पुराच्या दुसऱ्याच दिवशी व्हायला हवं होतं. तुम्ही किती दिवस तसेच चालवलंत ते पत्रात नाही. स्वच्छ तेलावरही आवाज येत असेल तर बेरिंगवर गंज चढलाय, आणि गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. नळीचं टोक रबरी पाइप लावून बॉनेटच्या उंचीवर नेऊन बांधा. पुढचा पाऊस यायच्या आत हे करून घ्या. पाइपचं टोक खाली वाकवायचं, नाहीतर बॉनेटवरून गळणारं पाणी त्यातच शिरेल.